एसीएलचं ऑपरेशन झालं. पुढची दहा वर्षं गुडघा कशाच्या जोरावर चालतो?

प्रश्न थोडक्यात असा: वय २२, कबड्डीत चढाईपटू. डाव्या गुडघ्याचं एसीएल (मांडीचं हाड आणि नडगी आतून बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलं, आतल्या बाजूच्या गादीलाही (मेनिस्कस) चीर गेली होती. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) ग्राफ्ट बसवला, गादीला टाके घातले. आज पाच महिने झाले. दुखत नाही, पण डावी मांडी उजवीपेक्षा बारीक दिसते, जिना उतरताना भरवसा वाटत नाही आणि सरावानंतर संध्याकाळी गुडघा जड होतो. सहा महिने झाले की मैदानात उतरता येतं असं ऐकलं आहे. उतरू का? आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी हा गुडघा कसा असेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: सहा महिन्यांनी उतरू नका. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, आणि त्यात ग्राफ्टचा वाटा तुम्हाला वाटतो त्याहून कमी आहे.

आपण ‘नवीन लिगामेंट बसवलं’ म्हणतो, पण बसवलेलं असतं ते मांडीच्या मागच्या स्नायूचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी. ते काढलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतल्या बऱ्याच पेशी मरतात. मग सांध्यातून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नव्या पेशी येतात, जुने धागे विरघळत जातात आणि नवे विणले जातात. या उलथापालथीत साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान ग्राफ्ट सर्वांत कमजोर असतो. हाडातल्या बोगद्यात टेंडन पक्कं धरायला ८ ते १२ आठवडे लागतात. वाटीच्या टेंडनचा, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असलेला ग्राफ्ट ६ ते ८ आठवड्यांत धरतो. त्यानंतर ग्राफ्ट लिगामेंटसारखा व्हायला वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. दुखणं मात्र दोन-तीन महिन्यांतच थांबलेलं असतं. म्हणजे गुडघा ‘एकदम मस्त’ वाटायला लागतो, नेमका तेव्हा ग्राफ्ट कच्चा असतो. पुन्हा तुटण्याच्या कितीतरी कहाण्यांची सुरुवात इथेच होते.

या बाबतीत २०१६ साली प्रसिद्ध झालेला डेलावेअर आणि ऑस्लो इथला अभ्यास महत्त्वाचा आहे. १०६ रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. नवव्या महिन्यापर्यंत, खेळात परतणं एकेक महिना पुढे ढकललं तसा पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला निम्म्याने उतरत गेला. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पास न होता वळणा-वळणाच्या खेळात परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. पास होऊन परतलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होतं. त्याच वर्षी अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. तिच्यात २५ वर्षांखालच्या आणि खेळात परतलेल्या तरुणांपैकी २३ टक्क्यांचं एसीएल पुन्हा तुटलेलं दिसलं, कुणाचं त्याच गुडघ्याचं, कुणाचं दुसऱ्या. तुम्ही २२ वर्षांचे आहात आणि कबड्डी हा पायाच्या एका वळणावर निकाल लागणारा खेळ आहे. त्यामुळे हा आकडा तुमचाच समजा. नऊ महिने ही किमान मुदत झाली. गादीला टाके असल्याने तुमच्यासाठी १० ते १२ महिने धरा.

आता मुदत बाजूला ठेवून गुडघ्याकडे पाहू. पहिली गोष्ट, जी सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते: गुडघा पूर्ण सरळ होतो का? ‘वाकतो किती’ हे सगळे विचारतात, कारण मांडी घालून बसता यायला हवं असतं. सरळ किती होतो हे कुणी विचारत नाही. गुडघा तीन ते पाच अंशांनी जरी कमी सरळ झाला, तरी चालताना मांडीच्या पुढचा स्नायू कधीच नीट आवळला जात नाही, वाटीवरचा दाब वाढतो, चालीत बारीकसा लंगडेपणा राहतो आणि पुढे वाटीखाली दुखायला लागतं. वाकण्यातली १० अंशांची कमतरता माणूस निभावून नेतो, सरळ होण्यातली ५ अंशांची कमतरता निभत नाही.

हे घरी मोजता येतं. पलंगावर पालथे झोपा, मांड्यांना आधार राहू द्या आणि गुडघ्याच्या वाट्या कडेच्या किंचित बाहेर काढा. पाय पूर्ण सैल सोडा, दोन मिनिटं थांबा. आता कुणाला तरी दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजायला सांगा. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे ढोबळमानाने एक अंश. डावी टाच दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वर राहत असेल, तर रोज तीन-चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं, याच स्थितीत पाय लोंबता ठेवा. घोट्याला किलोभर वजन बांधलं तरी चालेल. किंवा उताणे झोपून टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याखाली काहीही ठेवू नका. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय अजून असेल तर ती आजच सोडा. आराम वाटतो तो गुडघा वाकलेला राहतो म्हणूनच. महिनाभर नेमाने करूनही फरक हलला नाही, किंवा शेवटच्या दोन-चार अंशांत काहीतरी आडवं आल्यासारखं, ‘टक्’ होऊन अडल्यासारखं वाटलं, तर ताणत बसू नका. ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ तयार होते, तिला सायक्लॉप्स म्हणतात. ती व्यायामाने जात नाही, एमआरआयमध्ये दिसते आणि दुर्बिणीतून काढावी लागते. अशा वेळी जोर लावून पाय दाबणाऱ्याकडे गेलात तर सूज तेवढी वाढेल.

‘संध्याकाळी जड होतो’ म्हणताय, ते बहुधा पाणी आहे. तेही बघता येतं. पाय सरळ ठेवून बसा, मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूला जो खळगा असतो, त्याच्या खालून वर, मांडीकडे तळहाताने दोन-तीनदा निपटा. खळगा रिकामा होईल. आता बाहेरच्या बाजूने मांडीकडून खाली एकदा हात फिरवा आणि खळग्यावर डोळा ठेवा. आत लाट येऊन फुगली तर पाणी आहे. बाहेरून हात न फिरवताच खळगा आपोआप भरला तर पाणी जास्त आहे. रोज सकाळी उठल्यावर आणि व्यायामानंतर दोन तासांनी हे बघायची सवय लावा. आजच्या व्यायामाने उद्या सकाळी सूज वाढलेली दिसली, तर उद्याचा भार निम्मा. तशीच राहिली तर भार तेवढाच. उतरली तर वाढवायला मोकळीक. दुखण्यापेक्षा ही सूज जास्त खरं बोलते. सांध्यात पाणी असताना मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा आदेशच दाबून टाकते. माणूस कितीही जोर लावो, स्नायू पूर्ण आवळतच नाही. ‘इतका व्यायाम करतो तरी मांडी भरत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे न ओसरलेलं पाणी असतं.

मांडीचा हा पुढचा स्नायू, क्वाड्स, माझ्या मते सगळ्या उत्तराचा कणा आहे. जिना उतरताना शरीराचं वजन हळू खाली सोडायचं काम तोच करतो. तुम्हाला तिथे भरवसा वाटत नाही, कारण भरवसा ठेवण्याएवढी ताकद तिथे अजून आलेलीच नाही. मनाची भीती निराळी, तिच्याकडे नंतर येतो.

पाच महिन्यांनंतर अडकलेल्यांच्या व्यायामाच्या कागदावर बहुतेक वेळा हेच असतं: टॉवेल दाबणं, पाय सरळ उचलणं, घोट्याला किलोभर वाळूची पिशवी, दहा-दहाचे तीन संच. हा पहिल्या सहा आठवड्यांचा व्यायाम आहे, स्नायू जागा करण्यासाठीचा. त्याने ताकद वाढत नाही. ताकद वाढायला वजन लागतं: एका पायाने, सहा ते आठ आवर्तनांत शेवटची दोन खरोखर जड जावीत इतकं, चार संच, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. आणि त्यात लेग एक्स्टेन्शन मशीन (बसून वजनासह गुडघा सरळ करायचं) हवंच. ‘त्याने ग्राफ्ट सैल होतो’ ही भीती अजून अनेक व्यायामशाळांत आहे. ती सुरुवातीच्या काळापुरती खरी: हॅमस्ट्रिंग ग्राफ्टला चौथ्या आठवड्यापासून ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात, जादा वजन न लावता सुरू करायचं आणि आठव्या आठवड्यापर्यंत टप्पा हळूहळू पूर्ण करायचा. पाचव्या महिन्यात अडथळा ग्राफ्टचा नसतो. वाटीपुढे दुखलं तर टप्पा ९० ते ४५ वर आणा, दहापैकी दोन-तीनपर्यंतचं दुखणं चालवून घ्या.

फक्त लेग प्रेसवर (तळपायांनी वजन ढकलायच्या मशीनवर) समाधान मानू नका. लेग प्रेसमध्ये खुब्याचे स्नायू काम उचलतात आणि क्वाड्सची कमतरता झाकली जाते. जोर-बैठकांचंही तेच. कबड्डीपटू शंभर-दीडशे बैठका मारतो आणि पाय तयार झाला असं समजतो. प्रत्यक्षात उजवा पाय साठ टक्के वजन घेत असतो, डावा सोबतीला असतो. विश्वास बसत नसेल तर दोन वजनकाटे शेजारी ठेवा, दोन्हींवर एकेक पाय ठेवून अर्धी बैठक मारा आणि खाली पोचल्यावर आकडे वाचून घ्या. शिवाय पूर्ण खाली जाणाऱ्या बैठकीत टाके घातलेल्या गादीचा मागचा भाग दाबला जातो, तो मुद्दा वेगळाच.

जिम जवळ नसेल तर एका पायाने १५-२० सेंटिमीटरच्या पायरीवरून तीन सेकंद घेत खाली उतरणं, मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर बैठक (पाठीवर दप्तरात विटा किंवा पाण्याच्या बाटल्या), आणि खांबाला बांधलेला रुंद, मजबूत पट्टा गुडघ्यांच्या मागून घेऊन त्यावर मागे रेलत केलेली बैठक. या शेवटच्या प्रकारात नडग्या उभ्या राहतात आणि सगळा भार क्वाड्सवर येतो. सुरुवातीला ३० ते ४५ सेकंद धरून ठेवा, पाच वेळा.

स्नायू आवळलाच जात नसेल तर विजेच्या उत्तेजनाचं मशीन उपयोगी पडतं, पण फिजिओने ते नीट लावलं तर. गुडघा वाकलेला आणि बांधलेला, दहा सेकंद करंट, पन्नास सेकंद विश्रांती, असे दहा झटके, आठवड्यातून दोन-तीनदा. करंट सहन होईल तेवढा जास्त हवा, मांडी दगडासारखी आवळलेली दिसली पाहिजे. गुदगुल्या होतील इतक्या करंटवर वीस मिनिटं झोपून राहण्याने काही साधत नाही.

प्रगती मोजल्याशिवाय वरचं सगळं अंदाजपंचे. मशीनवर प्रत्येक पायाने सलग आठ वेळा जास्तीत जास्त किती वजन उचलता येतं ते काढा. उजव्याने ४० किलो आणि डाव्याने २६ किलो उचलले, तर डावा ६५ टक्क्यांवर आहे. पळायला ७० टक्के लागतात, खेळायला ९०. पण इथे एक फसगत आहे. पाच महिने खेळ बंद असल्याने उजवाही उतरलेला असतो. उतरलेल्या उजव्याच्या ९० टक्के म्हणजे काय मोठं मिळवलं? म्हणून ऑपरेशनपूर्वीचं उजव्या पायाचं माप असेल तर त्याच्याशी तुलना करा. आयसोकायनेटिक मशीनची (ठरावीक वेगात पाय हलवून ताकद मोजणाऱ्या) सोय मोठ्या क्रीडा-वैद्यक केंद्रांत मिळते. तिथे पुरुष खेळाडूने शरीराच्या दर किलोमागे सुमारे ३ न्यूटन-मीटर गाठावं अशी अपेक्षा असते. घरच्या घरी खुर्चीची चाचणी करा: गुडघा ९० अंशांत राहील अशी खुर्ची, हात छातीवर, एका पायाने उठायचं आणि बसायचं, न धडपडता. प्रत्येक पायाने २२ वेळा जमलं पाहिजे. पहिल्यांदा डाव्याने बहुतेकांचे आठ-दहा होतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मांडीच्या मागच्या बाजूकडे हॅमस्ट्रिंग ग्राफ्टवाल्यांनी वेगळं लक्ष द्यायचं. तिथून एक किंवा दोन टेंडन काढलेले आहेत. ते बऱ्याच जणांत काही प्रमाणात पुन्हा वाढतात, पण गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकवतानाची ताकद कमी राहते. बसून केलेल्या लेग कर्लमध्ये ही उणीव कळत नाही. पालथे झोपून, टाच कुल्ल्याकडे आणताना शेवटच्या टप्प्यात कळते. पकडीतून पाय ओढून काढताना चढाईपटूला नेमका हाच टप्पा लागतो. उताणे झोपून कुल्ले उचलून धरत (ब्रिज) एका पायावर टाच आत ओढणं आणि हळू सोडत जाणारे कर्ल, दोन्ही ठेवा. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बूट घालायला वाकताना मागे ‘टक्’ होऊन पोटरीपर्यंत काळंनिळं झालं असेल, तर ती टेंडन काढलेल्या जागची ओढ होती, ग्राफ्ट तुटल्याची खूण नव्हती. नडगीच्या पुढे-बाहेरच्या बाजूला हातभर कातडी बधिर वाटते, तेही टेंडन काढताना त्वचेची बारीक नस दुखावल्यामुळे. तो पट्टा हळूहळू आकसतो, थोडा कायमही राहू शकतो. त्याने ताकदीचं काही बिघडत नाही.

आता दहा-पंधरा वर्षांनंतरचं. लोक समजतात की ऑपरेशन केलं म्हणजे संधिवात टळला. तसं नाही. ऑपरेशनने गुडघा स्थिर होतो, निसटणं थांबतं आणि त्यामुळे गादीची पुढची नासाडी टळते. पहिल्या दुखापतीच्या क्षणी हाडांवर आणि कूर्चेवर (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर) जो आघात झाला, तो काही पुसला जात नाही. दहा ते वीस वर्षांनी झिजेच्या खुणा किती दिसतील हे सर्वांत जास्त ठरतं ते गादी किती शिल्लक आहे यावर. आतल्या गादीचा मोठा तुकडा काढून टाकला, तर तेच वजन लहानशा जागेवर पडतं आणि त्या बाजूची कूर्चा लवकर घासते. म्हणून तुमच्या सर्जनने गादी कापण्याऐवजी शिवली, हे तुमच्या गुडघ्यासाठी फार मोलाचं काम झालं. ते वाया घालवू नका.

गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या कडेला जवळजवळ नसतोच. टाके जिथे रक्त पोचतं तिथे असले तर भरून येतात, पण त्याला चार ते सहा महिने सहज लागतात. त्यामुळे वजन घेऊन गुडघा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणारी बैठक चार महिन्यांच्या आत नको असते. उकिडवं बसून त्याच स्थितीत वळणं, डुबकी मारून पकडीखालून निघणं, ही तर सगळ्यांत शेवटी येणारी कामं. गादीचं मूळच उपटलेलं असेल आणि ते बांधलं असेल, तर पहिले सहा आठवडे पायावर वजनच देत नाहीत, आणि पुढचंही सगळं मागे सरकतं. तुमच्या कागदपत्रांत कुठला प्रकार आहे ते वाचा. भारतीय संडास, देवापुढे किंवा नमाजासाठी गुडघ्यावर बसणं, पंगतीत मांडी घालणं यांची परवानगी सर्जनकडून नेमकी विचारून घ्या, ‘सगळं करा’ एवढ्यावर निघू नका. मांडी घालून बसण्यापेक्षा, त्या स्थितीतून एका पायावर जोर देऊन वळत उठणं जास्त घातक. दोन्ही हात टेकून, दोन्ही पाय सरळ करून उठा.

झिजेचे बाकीचे धागे: वजन, दुसरी दुखापत आणि पुन्हा तेच क्वाड्स. शरीराचं एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. खेळ थांबला आणि जेवण तसंच राहिलं की वर्षभरात सहा-सात किलो चढतात, ते परत उतरवणं ग्राफ्ट सांभाळण्याइतकंच गरजेचं. उलट काही जण उपास करत वजन उतरवतात आणि मांडी आणखी बारीक करून घेतात. ताकदीच्या व्यायामाच्या काळात दर किलो वजनामागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ७५ किलोला ११० ते १२० ग्रॅम. वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. नुसत्या वरण-भातावर हिशोब जमत नाही. सिगारेट ओढत असाल तर बंद करा. ओढणाऱ्यांचे ग्राफ्ट आणि टाके दोन्ही वाईट भरतात.

शस्त्रक्रियेच्या बाजूचे घटकही असतात. तुमच्या हातात ते आता नाहीत, म्हणून झटपट. मांडीच्या हाडातला बोगदा चुकीच्या जागी पडला तर ग्राफ्ट पुढे-मागे धरतो, पण वळताना गुडघा घसरतो. हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट ८ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर तरुणांत तो तुटायची शक्यता वाढते. नडगीच्या हाडाचा माथा मागे १२ अंश किंवा त्याहून जास्त उतरता असेल तरीही. दुसऱ्याच्या शरीरातला ग्राफ्ट तरुण खेळाडूत टाळलेला बरा. वाटीच्या टेंडनचा ग्राफ्ट चांगला धरतो, पण गुडघे टेकताना पुढे दुखतं, आणि आपल्याकडे गुडघे टेकायची वेळ रोज येते. २५ वर्षांखालच्या, वळणाचे खेळ खेळणाऱ्या रुग्णांत गुडघ्याच्या बाहेरून एक जादा पट्टी शिवली, तर ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण दोन वर्षांत ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आल्याचं २०२० च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यांनी हे सर्जनशी जरूर बोलावं. त्यांच्यासाठी आणखी एक: सुजलेल्या, पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन करू नका. सूज उतरवून, पाय सरळ करून, क्वाड्स जागे करून टेबलावर गेलेला गुडघा नंतर आखडण्याची शक्यता कमी असते. तुम्ही मात्र ऑपरेशनची नोंद मागवून घ्या आणि ग्राफ्टची जाडी, गादीला किती आणि कुठे टाके, कूर्चेची अवस्था हे तीन तपशील जपून ठेवा. पुढे कधी काही झालंच तर दुसरा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल.

भीतीचं. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले होते, पण आधीच्या पातळीवर ६५ टक्केच आणि स्पर्धेत ५५ टक्केच. मागे राहिलेल्यांत गुडघा बरा असूनही मन न धजावलेले बरेच असतात. एसीएल-आरएसआय नावाची १२ प्रश्नांची प्रश्नावली आहे; फिजिओकडून ती दर दोन महिन्यांनी भरून घ्या. भीती उपदेशाने जात नाही, आज ज्याची भीती वाटते त्याची सोपी आवृत्ती पन्नास वेळा केल्याने जाते. उलटी गोष्टही सांगतो: अजिबात भीती नसलेला, पाचव्या महिन्यात मित्रांसोबत ‘हलकंच’ खेळून आलेला मुलगा जास्त धोक्यात असतो.

तुमचा पुढचा रस्ता मी असा आखेन. ताकद ७० टक्के, गुडघा पूर्ण सरळ, पाणी नाही आणि एका पायावर दहा अर्ध्या बैठका गुडघा आत न कोसळता, एवढं जमलं की पळणं: मातीच्या सपाट मैदानावर सरळ रेषेत, एक मिनिट पळणं आणि एक मिनिट चालणं, दहा वेळा, एक दिवसाआड. सातव्या महिन्यापासून उड्या, आधी दोन पायांवर, मग एका. उडीपेक्षा उतरणं शिका, आवाज न होता, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. आठव्या महिन्यात वेगातून थांबणं आणि ४५ अंशांची वळणं, मग ९० अंशांची, आधी ठरवून आणि नंतर शिटीच्या दिशेवर. नवव्यात चाचण्या. एका पायाने लांब उडी मारायची चाचणी सगळीकडे घेतात, पण लांब उडी खुबा आणि घोटा मिळून मारून नेतात, गुडघ्याचा वाटा फार थोडा. एका पायाची उंच उडी घ्या, आणि ती दमल्यावरही घ्या, कारण सामन्यात दमलेल्या पायावरही खेळावं लागतं.

मग मॅट. मातीवर पाय थोडा घसरतो आणि गुडघ्यावरचा पीळ सुटतो. मॅटवर बूट धरून ठेवतो आणि पीळ थेट लिगामेंटवर येतो. म्हणून पहिल्या चढाया मॅटवर पण बचावपटूंशिवाय: बोनस रेषेपर्यंत, मागे पावलं, मध्यरेषेकडे वळण. दोन आठवडे. नंतर एक बचावपटू, स्पर्श करेल पण पकडणार नाही. नंतर घोट्याची पकड, ठरवून आणि निम्म्या जोराने. शेवटी मांडीवर बाहेरून येणारा धक्का, कारण पाय रोवलेला असताना बसलेला तोच धक्का गुडघा आत ढकलतो. पूर्ण सरावाचे चार आठवडे सूज न येता गेले की सामना, तोही पहिल्यांदा काही चढायांपुरता. परतल्यावरही आठवड्यातून दोनदा जड वजनं आणि प्रत्येक सरावाआधी वीस मिनिटं उडी-वळणांचं वॉर्मअप. फुटबॉलमधलं फिफा ११+ कबड्डीलाही चालतं. उजव्या पायालाही तेवढाच व्यायाम, दुसऱ्यांदा तुटणाऱ्यांत तो गुडघाही असतो.

नी-कॅपने ऊब मिळते, संरक्षण मिळत नाही. महागड्या बिजागरी ब्रेसनेही ग्राफ्ट पुन्हा तुटणं थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. तेल-मालिश मांडी-पोटरीला हवी तर करा, सुजलेल्या सांध्यावर चोळू नका.

गुडघा मध्येच अडकला आणि सरळच होईना, ‘कट्’ आवाज होऊन काही तासांत टम्म फुगला, किंवा चालताना एकदा जरी खराखुरा निसटला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला दाखवा. ताप येऊन गुडघा लाल, गरम झाला किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी. यांपैकी काही नसेल तर आज रात्री पालथे झोपून टाचांचा फरक मोजा, सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तो आकडा, दोन्ही पायांचं मशीनवरचं वजन आणि ऑपरेशनची नोंद फिजिओसमोर ठेवा.